बोटींचे लोकेशन नोंदवणाऱ्या सर्व्हिससाठी कोणती भाषा निवडावी?

प्रश्न (मिरकरवाडा, रत्नागिरी):
आमच्या मच्छीमार संस्थेच्या बोटींवरील ट्रॅकर मोबाइल नेटवर्कवरून टीसीपी कनेक्शन (सर्व्हरशी जोडून ठेवलेली वाट) उघडून लोकेशन पाठवतात. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज जाते, ट्रॅकर नोंदी साठवतो आणि परतताना एकदम पाठवतो. पहाटे अनेक बोटी एकाच वेळी रेंजमध्ये येतात आणि सर्व्हर अडखळतो. सध्याची सर्व्हिस पायथॉनमध्ये असून प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारे काम) आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत ती नव्याने लिहायची आहे. सर्व्हरला मेमरी १ जीबी असून देखभालीला आम्ही दोघेच आहोत. गो, रस्ट की नोड (म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट)?

उत्तर (देवगड):
गो घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गोरूटीन, म्हणजे गोमधील हलका थ्रेड, साधारण २ केबीच्या स्टॅकवर (कामापुरत्या मेमरीवर) सुरू होते, त्यामुळे प्रत्येक कनेक्शनला एक गोरूटीन ही तुमच्या ओळखीची सरळ रचना कमी मेमरीतही टिकते. शिवाय बिल्ड केल्यावर एकच फाइल सर्व्हरवर ठेवावी लागते, आणि मार्च २०१२ मधील पहिल्या आवृत्तीपासून जुना कोड पुढेही चालेल हे वचन या भाषेने बहुतांशी पाळले आहे. दोनच माणसे असताना याचे मोल फार आहे. गोच्या गार्बेज कलेक्शनमुळे (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्यामुळे) दर दोन मिनिटांनी प्रतिसाद रेंगाळतो म्हणून डिस्कॉर्ड या चॅट सेवेने आपली एक सर्व्हिस रस्टमध्ये नेली, हे त्यांनी २०२० मध्ये सविस्तर मांडले होते; परंतु बोटीची नोंद क्षणभर उशिरा पोहोचल्याने तुमचे काही बिघडत नाही, तेव्हा रस्ट शिकण्याचा वेळ इथे भरून निघणार नाही. नोडही चालेल.

उत्तर (मालवण):
एलिक्झर या भाषेचाही विचार व्हावा. ती ज्या अर्लँगच्या पायावर उभी आहे ती भाषा एरिक्सनमध्ये टेलिफोन यंत्रणेसाठी घडली, आणि तीवर व्हॉट्सॲपने २०१२ मध्ये एका सर्व्हरवर २० लाखांहून अधिक कनेक्शन सांभाळली होती. एखाद्या ट्रॅकरने सदोष पॅकेट पाठवले तर तिथे त्या कनेक्शनची तेवढीच प्रोसेस (स्वतंत्र चालणारे काम) मरते. गोमध्ये मात्र एका गोरूटीनमधील न सावरलेला पॅनिक (चालू असताना आलेली गंभीर चूक) संपूर्ण प्रोग्राम बंद पाडतो, म्हणून गो घेतल्यास प्रत्येक कनेक्शनच्या गोरूटीनमध्ये रिकव्हर (पॅनिक सावरणारा कोड) लिहायला विसरू नका.

उत्तर (अलिबाग):
भाषा ठरवण्याआधी मेलेली कनेक्शन मोजा. रेंज गेलेली बोट कनेक्शन बंद करून जात नाही, आणि लिनक्सवर कीपअलाइव्ह (समोरचा अजून जोडलेला आहे का हे विचारणारी सोय) चालू केले तरी मूळ सेटिंगनुसार पहिली चौकशी दोन तासांनी होते. तोवर तुमचे थ्रेड अडकून राहत असणार. कनेक्शनवरून वाचण्याला काही मिनिटांची मुदत घाला. ट्रॅकरला पोच देण्याची वेळही तपासा: नोंद डेटाबेसमध्ये उतरल्यानंतरच ती द्यावी, कारण पोच मिळाली की ट्रॅकर आपली प्रत पुसतो आणि मग सर्व्हर बंद पडला तर त्या फेरीची नोंद कायमची जाते. एवढे करूनही ताण उरला, तर देवगडकरांनी सुचवल्याप्रमाणे गोकडे वळावे.