मदत हवी आहे: सेंद्रिय कर्ब (मातीतील सेंद्रिय पदार्थांमधला कार्बन) मोजताना माझे कुठे चुकते?

माझ्या शेताच्या एका भागात सहा वर्षांपासून केवळ शेणखत व हिरवळीचे खत दिले जाते, तर लगतच्या भागात रासायनिक खते चालू आहेत. पहिल्या भागातील ढेकूळ पाण्यात बराच वेळ टिकते, दुसऱ्यातील लगेच फुटून पाणी गढूळ करते. तरीही माती परीक्षणात दोन्हींच्या सेंद्रिय कर्बात जेमतेम फरक दिसतो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात १८४३ पासून आणि स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चालू असलेल्या शेतीच्या दीर्घकालीन प्रयोगांवरून असे बदल सावकाश होतात हे समजते, पण मला माझ्या नमुना घेण्याच्या पद्धतीचीच शंका अधिक येते. नमुना १५ सेंटिमीटरपर्यंत घ्यावा की ३०, आणि मातीची घनताही मोजावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.