कॉरिडॉर काजूंतून गेला तर बागायत जाते का?

केरीचा_बागायतदार:
गोव्यात चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागून, केरीच्या वर आमची काजूची बागायत. थंडी सरली की गवे उतरतात. वाट ठरलेली: वरच्या रानातून, रस्ता ओलांडून, आमच्या बांधावरून ओहोळाला. आजोबांनी दाखवलेली तीच. तेव्हा काट्याची वई असायची, गवा ती मोडून जायचा, आम्ही पुन्हा घालायचो. यंदा तारेचं कुंपण करणार होतो तर मुलगा म्हणतो, "बाबा, हा कॉरिडॉर आहे, जनावरांची एका रानातून दुसऱ्या रानात जायची वाट." 2023 मध्ये हायकोर्टाने इथल्या म्हादईला व्याघ्र प्रकल्पाचा आदेश दिल्यापासून शेजारी एकच सांगतात, जमीन गेली समजा. खरं काय?

रानवाट:
बाब, कॉरिडॉर म्हणजे अभयारण्य नव्हे. जमिनीच्या एक-चौदा उताऱ्यावरचं नाव तुमचंच राहतं. म्हादई अभयारण्य जेमतेम 208 चौरस किलोमीटर, एका वाघाला तेवढ्यात भागत नाही. त्याला पूर्वेला भीमगड, उत्तरेला तिळारी, दक्षिणेला मोले, नेत्रावळी आणि पुढे काळी व्याघ्र प्रकल्प अशा रानांतून फिरावं लागतं. मधले काही तुकडे तुमच्यासारख्यांचे. वन्यजीव कायद्याच्या 38-ओ कलमाचा रोख असे जोडणारे भाग खाणी, मोठे प्रकल्प यांच्याकडे वळवणं थांबवण्यावर आहे. काजू वेचणं थांबवण्यावर नाही.

मोकासोवाला:
एक-चौदावर नाव असेल त्याचं ठीक हो. आमची चौथी पिढी कसतेय आणि कागदावर आम्ही कोणीच नाही. आम्हाला कॉरिडॉर समजावणाऱ्याने आधी तो कागद द्यावा. 2020 च्या जानेवारीत म्हादईतल्या गोळावलीत वाघीण आणि तीन बछडे विषाने मेले. आमच्याकडे वाघ्रोला, म्हणजे वाघदेवाला, नारळ ठेवतात, तिथे हे घडलं. त्याआधी वाघाकडून गुरं मारली गेली होती, हेही लिहा कोणीतरी.

रानवाट:
मान्य. भरपाई वेळेत मिळाली नाही तर कॉरिडॉर नकाशावरच राहणार. आणि केरीकर, थेट विजेची तार मात्र चुकूनही जोडू नका. गुन्हा आहे, शिवाय आपलाच माणूस मरतो.

घाटातला_ड्रायव्हर:
पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ महामार्ग 44 उचलून खालून वाट ठेवली, वाघ जातात म्हणे. चोर्ल्यात निदान रात्री गाड्या हळू चालवा. धुक्यात गवा दिसतो तो बॉनेटवरच.

केरीचा_बागायतदार:
देव बरें करूं सगळ्यांचं. कुंपण करतोय, पण ओहोळाकडे वीस हात मोकळे ठेवून. बायको म्हणते, त्या वीस हातांत आपले सहा काजू आहेत. मोजून आली ती.