चौदा मुले, बारा भ्रूण : मर्यादा आईला घालायची की डॉक्टरला?

पाचोळा

२६ जानेवारी २००९ रोजी कॅलिफोर्नियातील बेलफ्लॉवर येथे नाद्या सुलेमान या ३३ वर्षांच्या महिलेने एकाच वेळी आठ बाळांना जन्म दिला. बाळंतपणासाठी ४६ जणांचा वैद्यकीय ताफा सज्ज होता. अपेक्षा सात बाळांची होती, आठवे अनपेक्षित निघाले. पहिले काही दिवस कौतुकाचे गेले. मग बाहेर आले की ती एकटी आहे, नोकरी करत नाही आणि आयव्हीएफद्वारेच (शरीराबाहेर भ्रूण तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराने) झालेली सहा मुले तिला आधीपासून आहेत. त्यानंतर कौतुकाची जागा संतापाने घेतली आणि तिला ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. "ही चौदा मुले आमच्या करांतून पोसायची का?" असा एकूण सूर होता.

माझे म्हणणे असे, की हा संताप चुकीच्या व्यक्तीवर निघाला. तिच्या वयाच्या स्त्रीच्या गर्भाशयात दोनपेक्षा अधिक भ्रूण सोडू नयेत, अशी अमेरिकेतील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक सूचना होती. डॉ. मायकेल कामरावा यांनी बारा सोडले. सूचनेला कायद्याचे बळ नव्हते, त्यामुळे त्या दिवशी त्यांना अडवणारे कोणीच नव्हते; राज्याच्या वैद्यकीय मंडळाने त्यांचा परवाना रद्द केला तो २०११ मध्ये. एखाद्या बाईला आयुष्यात किती मुले व्हावीत, हा तिचा प्रश्न आहे. एका वेळी किती भ्रूण सोडायचे हा मात्र वैद्यकाचा प्रश्न आहे आणि तिथे "रुग्णाचा आग्रह होता" ही सबब चालू नये. रुग्णाने आग्रह धरला म्हणून कोणी दहापट मात्रेचे औषध लिहून देत नाही.

रोखठोक

आपण डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेत ते योग्यच, पण त्या नादात आईला अलगद बाहेर काढलेत. ती अज्ञान नव्हती, सज्ञान होती. तिच्या आधीच्या मुलांपैकी काहींना विशेष काळजीची गरज होती, आणि तरीही तिने पुढचा उपचार मागितला. गर्भांची संख्या कमी करण्याचा पर्याय समोर आला तेव्हा तिने तो नाकारला. तो अधिकार तिचाच, हे मान्य. पण अधिकार तिचा आणि खर्च समाजाचा, ही वाटणी मला पटत नाही.

आपल्याकडे मूल दत्तक घ्यायचे तर घराची पाहणी होते, उत्पन्न तपासले जाते, प्रकृतीचे दाखले लागतात; आणि २०२२ च्या दत्तक नियमांनुसार दोन किंवा अधिक मुले असलेल्या जोडप्याचा विचार विशेष गरजा असलेल्या किंवा सहसा कोणी दत्तक न घेणाऱ्या मुलांपुरताच होतो. म्हणजे जन्मलेल्या अनाथ मुलाला घर द्यायला निघालेल्यांची आपण इतकी झडती घेतो, आणि प्रयोगशाळेच्या मदतीने सातवे, आठवे, चौदावे मूल जन्माला घालणाऱ्याला एक प्रश्नही विचारायचा नाही? उपचार करणाऱ्या केंद्राने "आधीची मुले किती, त्यांचे कोण बघते" एवढे तरी विचारायला हवे.

कृष्णाकाठ

रोखठोक यांना खर्चाची एवढी चिंता असेल, तर त्यांनी १९९७ मधील आयोवाचे उदाहरण पाहावे. केनी आणि बॉबी मॅकॉघी या दांपत्याला १९ नोव्हेंबर रोजी एकाच वेळी सात मुले झाली. तीही वंध्यत्वावरील औषधांमुळेच. त्यांनीही गर्भांची संख्या कमी करण्यास नकार दिला होता आणि सातांपैकी दोन मुलांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम करणारा विकार) झाली. त्यांच्या वाट्याला काय आले? राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा अभिनंदनाचा फोन, नवे घर, मोठी व्हॅन, डायपरचे ढीग. तेच वैद्यकीय धाडस, तशीच अपुऱ्या दिवसांची बाळे. फरक एवढाच की एकीकडे नवरा होता आणि चर्चला जाणारे कुटुंब होते, तर दुसरीकडे एकटी बाई होती. कराच्या पैशांचा मुद्दा पुढे केला जातो, पण त्यामागून बहुतेक वेळा दुसरेच काही बोलत असते.

रोखठोक

दुटप्पीपणा होता, हे नाकारत नाही. पण दोन घटना सारख्या नाहीत. मॅकॉघी यांच्या बाबतीत बीजनिर्मिती वाढवणारी इंजेक्शने दिली होती; त्यात किती स्त्रीबीजे सुटतील आणि किती रुजतील यावर पूर्ण ताबा नसतो. सुलेमानच्या बाबतीत बारा भ्रूण मोजून सोडले होते. पहिल्यात अंदाज चुकला, दुसऱ्यात निर्णय चुकला.

पाचोळा

तांत्रिक फरक बरोबर सांगितलात, पण निष्कर्ष निसटला. इंजेक्शनांच्या उपचारातही सोनोग्राफीत बीजकोश (ज्यांत स्त्रीबीजे वाढतात त्या पिशव्या) दिसतात. ते फार झाले तर त्या महिन्याचा उपचार सोडून द्यायचा, हा मार्ग डॉक्टरकडे असतोच. म्हणजे दोन्हीकडे शेवटचा थांबा डॉक्टरकडेच आहे.

दत्तकाशी केलेली तुलनाही मला टिकणारी वाटत नाही. दत्तक प्रक्रियेत मूल आधीच जगात आलेले असते आणि शासन त्याचे पालक असते, म्हणून शासन झडती घेते. उपचारापूर्वी उत्पन्नाचा दाखला मागायला लागलो, तर गरीब वंध्य जोडप्याला दार बंद होईल आणि श्रीमंताला ते सताड उघडे राहील.

सुईदोरा

मी नवजात अतिदक्षता विभागात अनेक वर्षे परिचारिका होते, म्हणून ही संख्यांची चर्चा वाचताना मला पाळणे दिसतात. एकट्या बाळाचा जन्म साधारण एकोणचाळिसाव्या आठवड्यात होतो, तिळ्यांचा बत्तिसाव्याच्या आसपास. या सात आठवड्यांत बाळाची फुप्फुसे तयार होत असतात, त्याला चोखणे आणि गिळणे एकत्र जमू लागते. नऊशे ग्रॅमच्या बाळाला नाकातून घातलेल्या नळीने दर दोन तासांनी एक-दोन मिलिलिटर दूध द्यायचे, पुढचे दूध देण्याआधी आधीचे पचले का ते पाहायचे, आणि महिन्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावून पडदा तपासून घ्यायचा, कारण तो सुटत असेल तर थोड्या दिवसांच्या उशिराने दृष्टी जाते. तिळे असतील तर हे सगळे तीनदा. आई मात्र एकच असते. कांगारू पद्धतीने एकाला छातीशी घेतले की उरलेल्या दोघांची पाळी कधी, हा हिशोब तिच्या चेहऱ्यावर दिसतो.

आणि बाहेर बाकावर बसलेला बाप वेगळाच हिशोब करत असतो. आयव्हीएफसाठी दागिने गहाण पडलेले असतात, विमा कंपन्या वंध्यत्वाचा उपचार बहुधा धरत नाहीत आणि खासगी अतिदक्षता विभागाचे बिल पाळण्यागणिक रोज चढते. त्यातले एखादे बाळ पहिल्या आठवड्यात गेले तरी उरलेल्या दोघांसाठी त्याला उभे राहावे लागते. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही), की यांतल्या कित्येकांनी स्वतःहूनच म्हटलेले असते, "डॉक्टर, दोन-तीन भ्रूण ठेवा, पुन्हा एवढा खर्च झेपणार नाही." पैसे वाचवण्यासाठी घेतलेला निर्णयच सगळ्यात महाग पडतो. त्यांना आईबाप होण्याची घाई होती असे मी म्हणणार नाही. त्यांना दुसरी संधी परवडणार नव्हती.

मोजमाप

सुईदोरा यांच्या प्रतिसादातच उत्तर दडलेले आहे. बेल्जियमने २००३ मध्ये असे ठरवले की आयव्हीएफच्या सहा फेऱ्यांचा प्रयोगशाळेचा खर्च सरकार देईल, पण भ्रूणांच्या संख्येवर मर्यादा राहील आणि तरुण स्त्रीला पहिल्या फेरीत एकच भ्रूण सोडला जाईल. दुसरी संधी हातात आहे हे कळल्यावर पहिल्याच फेरीत सगळे पणाला लावण्याचे कारण उरत नाही. ब्रिटनमध्ये नियामक संस्थेने पाठपुरावा केला आणि आयव्हीएफमधील बहुगर्भ प्रसूतींचे प्रमाण १९९० च्या दशकातील सुमारे २८ टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ६ टक्क्यांवर आले. तिथे कोणाच्या कुटुंबाचा आकार ठरवावा लागला नाही.

खर्च स्वतः उचलणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र या धाग्यावर कोणी घेतलेला नाही. २०१४ मध्ये बँकॉकच्या एका सदनिकेत पोलिसांना आया आणि नऊ तान्ही बाळे सापडली. बाप एका श्रीमंत जपानी घराण्यातला तरुण होता आणि बाळे सरोगसीने (दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढवून) झालेली होती. २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने तेरा मुलांचा ताबा त्याला दिला, कारण त्याची ऐपत होती. मधल्या काळात, २०१५ मध्ये, थायलंडने परदेशी लोकांसाठी सरोगसी बंद केली. नीतीची कसोटी पैशाची असेल तर हा माणूस पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो, सुलेमान नापास. मला ही कसोटीच मान्य नाही. तेरा मुलांना बाप किती वेळ मिळणार, हे बँकेच्या खात्यात दिसत नाही.

रोखठोक

तोच तर माझा मुद्दा आहे! मुलाच्या बाजूने कोणीतरी प्रश्न विचारला पाहिजे. भारतातील २०२१ च्या सरोगसी कायद्याने तो विचारला आहे: काही अपवाद सोडले तर हयात मूल असलेल्या जोडप्याला सरोगसी मिळत नाही. मग आयव्हीएफला वेगळा न्याय का?

कृष्णाकाठ

कारण सरोगसीत तिसऱ्या स्त्रीचे शरीर वापरले जाते आणि मर्यादा तिच्या संरक्षणासाठीही आहे. आयव्हीएफमध्ये शरीर स्वतःचे असते. शिवाय मूल मोजण्याचे काम सरकारवर सोपवले की काय होते, ते आपण महाराष्ट्रात पाहतोच. ग्रामपंचायतीच्या दोन अपत्यांच्या नियमात एक स्पष्टीकरण आहे: कायदा लागू होताना किंवा त्यानंतर एकच मूल असलेल्या जोडप्याला पुढच्या एका बाळंतपणात कितीही मुले झाली तरी ती एकच धरायची. म्हणजे एकावर तिळे झालेला सरपंच पात्र आणि एकामागून एक तीन मुले झालेली सदस्य अपात्र. पहिल्याच्या बायकोने अधिक धोका पत्करला, पण कायद्याला त्याच्याशी देणेघेणे नाही. अशा मोजणीच्या हाती वंध्यत्वाचा उपचार द्यायचा?

रोखठोक

नियम ढोबळ आहे म्हणून नियमच नको, हे मला मान्य नाही. मोजमाप यांना विचारतो: बेल्जियममध्ये बिल सरकार भरते म्हणून सरकारला अट घालता येते. आपल्याकडे बिल रुग्ण भरतो. अट कोण पाळून घेणार?

मोजमाप

२०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची केली आहे आणि राष्ट्रीय नोंदवही ठेवायची तरतूदही त्यात आहे. त्या नोंदवहीतून केंद्रनिहाय एकच आकडा लोकांसमोर येऊ द्या: शंभर प्रसूतींमागे जुळी किती, तिळी किती. ब्रिटनमध्ये तो प्रत्येक केंद्राच्या नावासमोर वाचायला मिळतो. आज आपल्याकडच्या जाहिरातींत "यशाचे प्रमाण" ठळक अक्षरांत असते आणि तिळ्यांपैकी दोन बाळे गेली तरी ती प्रसूती यशातच धरली जाऊ शकते.