विषय: कोठडीतला मार आणि आपली देवळं, भजनी मंडळं

एडिसन, न्यू जर्सी (मूळ खानापूर)

नमस्कार मंडळी,

दरवर्षी आपण गावाकडच्या देवळांना देणगी पाठवतो, यंदा त्यासोबत एक काम पण सुचवावं असं वाटतंय. २००४ मध्ये इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याचे फोटो बाहेर आले आणि २००६ च्या जानेवारीत आमच्या इथून जवळच प्रिन्स्टनला धर्माच्या लोकांनी छळाविरुद्ध मोहीम उभी केली, त्यात पुढे ख्रिश्चन, ज्यू, मुस्लिम सगळेच आले. चर्चवर, सिनेगॉगवर बॅनर लावले, खासदारांना पत्रं लिहिली, आणि एकांतकोठडीची हुबेहूब खोली बनवून गावोगाव फिरवली, लोक आत जाऊन बसून बघायचे. फिलाडेल्फियाला १८२९ साली एकांतकोठडीचा मोठा तुरुंग उघडला तो पण क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या भल्या माणसांच्या विचारातूनच, एकटा बसला की पश्चात्ताप होईल म्हणून. झालं उलटंच, माणसं वेडी व्हायला लागली. त्यामुळं मला वाटतं हे निस्तरायची जबाबदारी देवाधर्माच्या लोकांवर जास्तच आहे. २६ जून हा छळग्रस्तांसाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस, तर बेळगावात त्या दिवशी देवळांतून काही करता येईल काय?

शहापूर, बेळगाव

बॅनर लावा, मी नको म्हणत नाही. पण आपल्याकडं मार बसतो तो पहिल्या रात्री आणि त्या रात्री बॅनर काय कामाचा, तिथं माणूस पाहिजे.

मागं आमच्या गल्लीतल्या सेंटरिंगचं काम करणाऱ्या एका पोराला चोरीच्या संशयावरून उचललं. त्याची आई आमच्या भजनात असते, ती रडत देवळात आली. भजन थांबवून आम्ही सातआठ जण, त्यात बायकाच जास्त, तशाच स्टेशनला गेलो आणि बाकावर बसून राहिलो. भांडलो नाही. आमच्यातले एक वकिलाकडं कारकून होते, त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, अटकेचा मेमो झाला काय आणि मेडिकल कधी करणार. मेमो झालाच नव्हता. मग लिहिला, पण सगळा कन्नडमध्ये, आणि आईला म्हणाले कर सही. कारकुनांनी ओळ न् ओळ वाचून सांगितली तेव्हा कळलं की पोराला सकाळी नेलेलं आणि कागदावर वेळ संध्याकाळची. ती दुरुस्त करून घेतली, मगच सही. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं असतं ना, ते मोजायचे त्या वेळेपासून, आणि कागदावर नसलेल्या तासांतच थर्ड डिग्री होते. तळपायावर मारतात, वरून वळ दिसत नाहीत. त्या पोराला दुपारी मार बसलाच होता, पण रात्री कुणी हात लावला नाही.

आणि हे आम्ही हक्कानं विचारलं. बंगालच्या डी. के. बसूंनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सुप्रीम कोर्टाला नुसतं पत्र लिहिलं, कोर्टानं त्याचीच याचिका करून घेतली आणि १९९६ च्या डिसेंबरात नियम घालून दिले. घरच्यांना कळवायचं, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी, आणि मेमोवर घरच्या माणसाची किंवा भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही. आता भागातला प्रतिष्ठित माणूस म्हणजे कोण? देवळाचा पंच, मठाचे स्वामी, चर्चचे फादर, मशिदीचे मौलाना. कोर्टानं आपल्यासाठी जागा करून ठेवलीय आणि आपण तिथं जातच नाही. प्रत्येक देवळानं रात्री फोन उचलणारी दोन माणसं ठरवली, त्यातल्या एकाला तरी कन्नड वाचता आलं, तर मला वाटतं यापेक्षा मोठी मोहीम नको.

लेस्टर (मूळ निपाणी)

बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण देवस्थानानं चोराच्या बाजूनं उभं राहिलेलं लोकांना पटणार नाही. उद्या तो खरंच गुन्हेगार निघाला तर? शिवाय सीमाप्रश्नामुळं आपली माणसं आधीच पोलिसांच्या नजरेत आहेत, त्यात हे आणि कशाला.

शहापूर, बेळगाव

येळ्ळूर विसरलास काय रे? २०१४ ला गावातला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढल्यावर पोलिसांनी घरात शिरून मारलं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, तेव्हा आपण सगळे ओरडलो आणि बरोबरच केलं. दर १ जूनला हिंडलग्याच्या सीमालढ्यातल्या हुतात्मा स्मारकाला पण जातो. त्याच हिंडलग्यात सेंट्रल जेल आहे, तिथं आत कोण आहे हे कधी कुणी विचारलंय? देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे त्यांचा गुन्हा शाबित व्हायचाच आहे. आणि शाबित झाला तरी शिक्षा कोर्ट देणार, लाठी नाही. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत सुद्धा नाही, मग मारून मिळतं काय? आपल्या माणसाला मारलं की अन्याय आणि फिरस्त्या जमातीच्या पोराला मारलं की तपास, असं आपण किती दिवस बोलणार? मला तर हे बोलताना लाज वाटते की एवढ्या वर्षांच्या कीर्तनात मी एकदा पण कोठडीतल्या माणसाचं नाव ऐकलं नाही.

एडिसन, न्यू जर्सी

बाई, पटलं. मग असं करू, एक पानाचं पत्रक, एका बाजूला मराठी आणि पाठीमागं कन्नड, त्यात बसू खटल्याचे नियम आणि फुकट वकिलासाठी १५१०० हा नंबर, कारण कोठडीतल्या कुणालाही विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, त्याचं उत्पन्न किती ते बघत नाहीत. देवळांबरोबर चर्च, मशीद, जैन बस्ती, मठ सगळीकडं द्यायचं. खासदारांना पत्र वेगळं, कारण भारतानं १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर सही केली पण मान्यता अजून दिलेली नाही, २०१० ला लोकसभेत छळ रोखायचं विधेयक पास झालं आणि पुढं अडकून बारगळलं. गणपतीला एखादं मंडळ कोठडीचा जिवंत देखावा करायला तयार झालं तर फारच बरं, गणपतीला अख्खं बेळगाव रस्त्यावर असतं.

छपाईचा खर्च इथून करू. मजकूर मी शनिवारी लिस्टवर टाकतो, कन्नड कारकून काकांनीच तपासावं. रविवारी कॉलवर वाचून घेऊ, बाई तुम्हाला रात्री साडेआठ चालेल काय?