डेरिव्हेटिव्ह स्पेक्ट्रममधला नॉइज कसा आवरायचा? मदत हवी आहे

पॅरासिटामॉल आणि कॅफिन असलेल्या गोळीचं यूव्हीवर (अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) विश्लेषण करतेय. दोघांचे स्पेक्ट्रम (तरंगलांबीनुसार शोषणाचे आलेख) एकमेकांवर चढतात, म्हणून पहिला डेरिव्हेटिव्ह (आलेखाचा उतार) घेऊन झिरो-क्रॉसिंग पद्धत वापरली, म्हणजे एकाचा उतार शून्य असतो तिथे दुसरा मोजायचा. कॅफिनचा माथा २७३ नॅनोमीटरला, तिथे त्याचा डेरिव्हेटिव्ह शून्य. त्यामुळे पॅरासिटामॉल छान मोजता येतं. उलट बाजूने, म्हणजे कॅफिन मोजताना, मात्र घोळ. पॅरासिटामॉलचा माथा २४३ च्या आसपास, आणि नेमकी तिथेच कॅफिनची दरी! उतारच नाही, मग सिग्नल कुठून येणार? उरतो तो नुसता नॉइज.

सावित्स्की-गोले फिल्टर (शेजारचे काही बिंदू एकत्र घेऊन रेघ गुळगुळीत करणारा) लावला. ०.५ नॅनोमीटर अंतराने ५ बिंदू घेतले तर रेघ थरथरते, २१ घेतले तर आकारच चेपतो. दुसरा डेरिव्हेटिव्ह घेऊ, की रेशो-डेरिव्हेटिव्हकडे (आधी एका घटकाच्या स्पेक्ट्रमने भागून मग डेरिव्हेटिव्ह घेण्याकडे) वळू? कोणी प्रत्यक्ष केलंय का? किती बिंदू घेतलेत तेही सांगा.