टोबितच्या पुस्तकाची कुमरान हस्तलिखितं: अरामी कुठलं, हिब्रू कुठलं?

मोडीवाचक, सातारा
आमच्या मोडी वाचन गटात मृत समुद्राजवळच्या हस्तलिखितांवर बोलायचं आहे. कुमरानच्या ४ नंबरच्या गुहेत १९५२ मध्ये टोबितच्या पुस्तकाची, म्हणजे एका जुन्या ज्यू धार्मिक कथेची, पाच हस्तलिखितं मिळाली. ४क्यू-१९६ ते १९९ अरामी, ४क्यू-२०० हिब्रू (४ म्हणजे गुहेचा नंबर, क्यू म्हणजे कुमरान). फोटोत अक्षरं मात्र सारखीच. भाषा ओळखायची कशी?

कृष्णाकाठ, सांगली
लिपीवरून नाहीच ओळखता येणार. हिब्रूने ही चौकोनी अक्षरं अरामीकडूनच घेतली. शब्दाची दोन्ही टोकं बघा. निश्चित ‘राजा’ म्हणायचं तर हिब्रूत आधी ‘ह’ लागतो, ह-म-ल-क. अरामीत शेवटी आलेफ हे अक्षर, म-ल-क-आलेफ. स्वर लिहिलेले नसतात. ‘जो’साठी हिब्रूत ‘अशेर’, अरामीत ‘दी’. पुल्लिंगी अनेकवचन ‘ईम’ की ‘ईन’ हेही बघतात, पण नंतरच्या हिब्रूत ‘ईन’सुद्धा येतं, तेव्हा त्या एकट्यावर विसंबू नका. शिवाय वाव-योद आणि दालेत-रेश या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्यांत फार गल्लत होते. एका तुकड्यात निदान दोन खुणा हव्यातच.

पोथीशाळा, कराड
लिऑन लेव्ही डिजिटल ग्रंथालयात (या हस्तलिखितांच्या फोटोंचं संकेतस्थळ) रंगीत फोटोऐवजी इन्फ्रारेड फोटो उघडा. काजळीची शाई इन्फ्रारेड शोषते, काळवंडलेलं चामडं परतवतं, म्हणून अक्षर उठून दिसतं. ४क्यू-१९६ पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर) आहे, बाकीची चामड्यावर. चामड्यावर रेघ आखून अक्षरं तिच्याखाली टांगलेली असतात, आपल्या शिरोरेषेसारखी. पपायरसचे आडवे तंतूच रेघेचं काम करतात, आणि तुकडे जुळवतानाही तेच तपासतात.

सगळ्यात महत्त्वाचं: या हस्तलिखितांचे संपादक फिट्झमायर यांच्या १९९५ च्या आवृत्तीत चौकोनी कंसातला मजकूर हस्तलिखितात नाही. तो संपादकाने मुख्यतः या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक अनुवादावरून भरला आहे. अक्षरावर बिंदू म्हणजे वाचन बरंचसं पक्कं, पोकळ गोल म्हणजे फक्त शक्यता. कंसातल्या ‘दी’वरून भाषा ठरवलीत तर तुम्ही संपादकाचं अरामी वाचत असाल.

मोडीवाचक, सातारा
कंसांचं लक्षात आलं नव्हतं, आभारी आहे. मूळ पुस्तक मग अरामीत असावं का?

कृष्णाकाठ, सांगली
बहुतेक अभ्यासकांचा कल तिकडे आहे. पण चारास एक हा हिशेब पुरावा नव्हे. त्यावरून फक्त कुठल्या प्रती टिकल्या ते कळतं. ग्रीकशी ताडताना सिनाइटिकस कोडेक्स या जुन्या ग्रीक बायबल हस्तलिखितातला मोठा पाठ घ्या, पाचही हस्तलिखितं साधारण त्याच्याशी जुळतात. त्यात ४:७–१९ (चौथ्या अध्यायातल्या ७ ते १९ ओव्या) गळालेलं आहे, तिथे जुना लॅटिन अनुवाद लावा.