हल्ल्यानंतरची पहिली वीस मिनिटं: वैद्यकीय पथक गेटवर थांबवायचं की आत सोडायचं?

उंबरठा (धागाकर्ता)

दहशतवादी हल्ला झाला की सगळी चर्चा कमांडो किती वेळात पोचले यावर होते. मला त्याआधीच्या वेळाबद्दल बोलायचंय. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस तीन ते पाच मिनिटांत जाऊ शकतो. आणि अनेक ठिकाणची लेखी कार्यपद्धती सांगते की पोलिसांनी जागा निर्धोक असल्याचं कळवल्याशिवाय वैद्यकीय पथकानं आत जायचं नाही. मोठी इमारत खोली न खोली तपासायला तास-दोन तास सहज जातात. तोवर आतल्या जखमींचं काय, याचं उत्तर त्या कागदात नाही.

इंग्लंडमधलं मँचेस्टर, 22 मे 2017, संगीताच्या कार्यक्रमानंतर झालेला बॉम्बस्फोट. स्फोटानंतर पहिला पॅरामेडिक (रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित उपचारक) प्रत्यक्ष जागेवर गेला 19 मिनिटांनी. शेवटचा जिवंत जखमी बाहेर काढेपर्यंत तिथे एकूण तीनच पॅरामेडिक पोचले होते. अग्निशमन दलाला दोन तासांहून अधिक वेळ लागला. स्ट्रेचर कमी पडले म्हणून लोकांनी जाहिरातीचे बोर्ड आणि लोखंडी कठडे वापरून जखमींना उचललं. मृत्यू 22 झाले आणि त्यातली एक व्यक्ती वेळेत उपचार मिळाले असते तर बहुधा वाचली असती, असा चौकशीचा निष्कर्ष आहे.

म्हणून माझी सूचना: हल्लेखोर जिथे आहे तो हॉट झोन, तिथे फक्त सशस्त्र पोलीस. जिथून तो पुढे सरकलाय पण पूर्ण तपासणी झालेली नाही तो वॉर्म झोन. तिथे दोन पॅरामेडिक आणि चार पोलीस, दोन पुढे, दोन मागे, असं पथक लगेच सोडा. आत काम एवढंच: टूर्निके (हातापायाचा रक्तस्राव थांबवायला दांडीनं पिळून आवळायचा पट्टा) बांधणं, खोल जखमेत गॉज दाबून भरणं, श्वासमार्ग मोकळा करणं, उचलून बाहेर आणणं. सलाइन नाही, सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) नाही.

तिरकी रेघ

साफ असहमत. 26 जुलै 2008, अहमदाबाद आठवा. आधीच्या स्फोटांतले जखमी आणले जात असताना सिव्हिल आणि एल. जी. या दोन रुग्णालयांत स्फोट झाले. मदतीला धावणाऱ्यांनाच गाठायचं, हा डाव जुना आहे. प्रशिक्षित पॅरामेडिक घडवायला वर्षं लागतात, आणि सहा जणांचं पथक एका पिशवीबॉम्बनं गेलं तर पुढच्या जखमींकडे जाणार कोण?

शिवाय ते चार पोलीस कुठून आणणार? पहिल्या दहा मिनिटांत जे दोन-तीन शिपाई पोचतात ते हल्लेखोराकडे जातात, आणि तिकडेच जायला हवं. चिलखती जाकिटांचंही तसंच. मऊ जाकिटाची हमी साधारण पाच वर्षांची असते. एकदा खरेदी करून गोदामात टाकलेलं जाकीट आठव्या वर्षी अंगावर चढवून माणसाला आत पाठवायचं, हे मला पटत नाही.

उंबरठा

अहमदाबादचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. दुसरा बॉम्ब रुग्णालयात होता, म्हणजे आपण ज्याला सुरक्षित धरतो त्या जागी! गेटवर तीस रुग्णवाहिका एका ओळीत उभ्या करणं हे तर सोपं लक्ष्य. थांबण्याची जागाही आधी तपासून घ्यावी लागते आणि कचराकुंड्या, उभ्या गाड्या यांच्यापासून दूर ठेवावी लागते. धोका दोन्हीकडे आहे. कुठला पत्करायचा हे घटनास्थळाच्या प्रमुखानं ठरवावं, कार्यपद्धतीतल्या सरसकट मनाईनं नव्हे.

जाकिटांबद्दल मान्य. मुदत संपण्याच्या तारखांची नोंदवही नसेल तर पथक कागदावरच राहील.

घडीव दगड

दोघेही एक गोष्ट गृहीत धरताय, की निर्णय घेणाऱ्याला आतली परिस्थिती माहीत असते. घोडं तिथेच अडतं. नॉर्वेतल्या ओस्लोत 22 जुलै 2011 ला झालेल्या बॉम्बस्फोटानंतर एका नागरिकानं हल्लेखोराचं वर्णन आणि गाडीचा नंबर फोन करून कळवला. तो टिपलेला कागद नियंत्रण कक्षात सुमारे वीस मिनिटं पडून राहिला. मँचेस्टरमध्येही एकाच ड्यूटी अधिकाऱ्यावर इतका भार आला की धोक्याची जी पातळी जाहीर झाली ती रुग्णवाहिका आणि अग्निशमन सेवेपर्यंत पोचलीच नाही.

उपाय महाग नाही. पहिल्या पोचलेल्या माणसानं आत धाव घेण्याआधी वायरलेसवर ठरलेल्या क्रमानं बोलायचं: मोठी घटना जाहीर, नेमकी जागा, प्रकार, दिसणारे धोके, यायचा-जायचा रस्ता, जखमींचा अंदाज, कोण आलंय आणि कोण हवंय. मिनिटभराचं काम. पण सवय नसेल तर नेमका रस्ता सांगायचा राहतो आणि सगळ्या गाड्या एकाच गल्लीत अडकतात. पहिल्या रुग्णवाहिकेच्या चालकानं गाडीतच थांबून वायरलेस सांभाळायचा, चावी काढायची नाही. त्यानंतर पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय प्रमुख एका जागी, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर उभे राहिले पाहिजेत. तीन प्रमुख तीन ठिकाणी असतील तर तुमचं वॉर्म झोन पथक कुणाच्या हुकमानं निघणार?

तिरकी रेघ

याला पूर्ण पाठिंबा. आणि जो वेळ वाचवायचाय तो जागेवर आधीच असलेल्या लोकांच्या हाती द्या. स्टेशन, सभागृह, मैदान, जिथे गर्दी जमते तिथे भिंतीवर टूर्निकेचे संच आणि सुरक्षारक्षकांना दर सहा महिन्यांनी सराव. जखमेपासून पाच-सात सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळायचं आणि वेळ लिहायची. माणूस वेदनेनं ओरडतो म्हणून शिकाऊ हात ते सैल सोडतात. सैल टूर्निके सगळ्यात वाईट: रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात, रक्त आणणारी रोहिणी वाहतच राहते आणि रक्तस्राव वाढतो. थांबलं नाही तर पहिल्याच्या वर दुसरं बांधायचं. स्वस्त नकली मालाची पिळायची दांडी ऐन वेळी वाकते, तेव्हा निविदेत सगळ्यात कमी दराचा निकष इथे लावू नका. सरावाचे नगही वेगळ्या रंगाचे ठेवा, वापरून थकलेला पट्टा खऱ्या पेटीत जाता कामा नये.

उंबरठा

संच हवेतच. पण छाती-पोटातल्या रक्तस्रावाला टूर्निके बांधणार कुठे? गोळीबारात अशा जखमा खूप असतात आणि त्यांना शस्त्रक्रियेचं टेबलच लागतं. अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांत 2013 ला तिघं गेले, पण जिवंत अवस्थेत रुग्णालयात पोचलेले सगळे वाचले, कारण शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळच वैद्यकीय तंबू होता आणि जखमी अनेक मोठ्या रुग्णालयांत वाटले गेले. ही वाटणी करणारा एक माणूस गाड्या सुटतात तिथे उभा हवा, हातात प्रत्येक रुग्णालयाच्या मोकळ्या शस्त्रक्रियागृहांचा आकडा घेऊन. नाहीतर चालते जखमी आपापले जवळच्या रुग्णालयात शिरतात आणि खरा गंभीर रुग्ण येईपर्यंत तिथे जागा उरत नाही.

घडीव दगड

तो आकडा दर पंधरा मिनिटांनी बदलतो. नियंत्रण कक्षातून रुग्णालयांना फोन करायला स्वतंत्र माणूस नेमा, ड्यूटी अधिकाऱ्याच्या गळ्यात ते काम घालू नका. आणि मॉक ड्रिल रात्री दोनला, आगाऊ न कळवता घ्या. त्या वेळी कक्षात किती माणसं असतात ते मोजा, मग वॉर्म झोनवर पुढे बोलू.